देवळालीचा ताप, नगरचा लर्गी

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक यादी फिरत येते. इंग्रजांनी आपल्याकडून उचललेले शब्द. पक्का, जंगल, लूट, बंगला, पायजमा, शाम्पू, खाकी. खाली कुणीतरी लिहिलेले असते, ‘उर्दू की शान देखिए’. दुसऱ्या ग्रुपवर तीच यादी येते आणि खाली ‘गर्व आहे’ असते. ग्रुप बदलला की शब्दांचा धर्म बदलतो. यादी जशीच्या तशी राहते.

मला या यादीचा राग नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला अशा गोष्टींत रस असतोच. पण ही यादी नेहमी प्रतिष्ठित शब्दांपाशी थांबते, म्हणजे जे इंग्रजीत जाऊन साहेब झाले त्यांच्यापाशी. त्यापुढे शब्दांचा आणखी एक मोठा गठ्ठा आहे. ब्रिटिश माणूस ते अर्जात लिहीत नाही, पण चहा पिताना, फुटबॉल पाहताना, बायकोशी भांडताना सहज बोलतो. त्याला स्लँग म्हणतात. त्यातले बरेच शब्द आपल्या छावण्यांत जन्मले आहेत, आणि त्यांचा हिशेब शानचाही नाही, गर्वाचाही नाही. स्लँगचा अर्थ कोशात अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा कोण कुणाला बोलले यात असतो. मला वाटते, आज आपल्या गल्लीत आणि शाळेत जे शब्द एकमेकांवर फेकले जातात ते समजून घ्यायलाही हीच पद्धत उपयोगी आहे.

सुरुवात देवळालीपासून करतो. आमच्या राहुरी तालुक्यातली देवळाली प्रवरा नव्हे, नाशिकरोडजवळचा देवळाली कॅम्प. ब्रिटनमध्ये एखाद्याचे डोके ठिकाणावर नसेल तर तो ‘डूलाली’ झाला असे म्हणतात. आजही म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे महाराष्ट्रातल्या एका गावाचे नाव आहे याचा पत्ता नसतो.

देवळालीला 1861 पासून ब्रिटिश फौजेचा तळ होता. मुंबई बंदरात उतरलेले सैनिक आधी तिथे येत. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट बघत तिथेच थांबत. बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात सुटत. ज्याची मुदत एप्रिलात भरली त्याचे नशीब फुटले. पुढचे सहा-सात महिने त्याने करायचे काय? करण्यासारखे काम नाही, लढाई नाही, घर नाही. ऊन, डास, दारू आणि पत्ते. कुणी मारामाऱ्या करून लष्करी तुरुंगात जाई, कुणाला नको ते रोग जडत, कुणी खरोखर भ्रमिष्टासारखे वागू लागे. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने 1936 साली ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे आठवणींचे पुस्तक लिहिले. त्यात त्याने या म्हणण्याचे मूळ देवळालीच्या त्या रिकामपणातच शोधले आहे.

मूळ शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’ असा होता. पुढे शेपूट गळून नुसते डूलाली राहिले. या टॅपचा नळाशी संबंध नाही. टॅप म्हणजे ताप. मराठीतला ताप म्हणा, नाहीतर उर्दूतल्या तपेदिकमधला तप म्हणा. फारसी तप आणि संस्कृत ताप हे एकाच जुन्या घरातले चुलत भाऊ आहेत. गोऱ्या शिपायाने तो मराठी हमालाकडून उचलला की हिंदुस्तानी बोलणाऱ्या भिश्त्याकडून, हे आज कुणालाही सांगता येणार नाही. हमालाला आणि भिश्त्याला त्याचे सोयरसुतक नसणार. आज आम्ही मात्र ‘ताप’ कुणाचा यावर भांडू शकतो. पुण्या-मुंबईत डूलाली नावाची बिअरची दुकाने आहेत, तिथे त्या तापाचा पुन्हा नळ झाला आहे.

देवळाली नाशिक जिल्ह्यात, पण गोरे सैनिक आमच्या नगरलाही भरपूर. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला, आणि पुढे भिंगारच्या बाजूला छावणी वसली ती आजतागायत आहे. नगरच्या कुठल्याही जुन्या मुसलमान घरात विचारा. आजोबा-पणजोबांपैकी कुणीतरी छावणीत कामाला असतो. खानसामा, भिश्ती, दर्जी, घोड्यांची निगा राखणारा, मांस पुरवणारा. छावणीतल्या इंग्रजीला शब्द पुरवणारी माणसे हीच. पंडित किंवा मुन्शी त्यात थोडे. मुन्शी साहेबाला व्याकरण शिकवायचा, परीक्षा पास करवायचा. साधा टॉमी मात्र धोब्याशी आणि रोटीवाल्याशी बोलून शिकला.

म्हणून त्याने काय शिकले ते पाहा. ‘डेको’ म्हणजे नजर टाकणे. आपले ‘देखो’. ‘जिल्डी’ म्हणजे जल्दी. ‘चबराव’ म्हणजे चुप रहो. ‘पॉनी’ म्हणजे पानी. ‘रूटी’ म्हणजे रोटी. ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी, हा शब्द तर अजून ब्रिटिश कार्यालयांत धडधाकट आहे. क्रियापदे पाहिली तर सगळी आज्ञार्थी. देखो, जाओ, लाओ, चुप रहो. यात ‘मेहरबानी’ नाही, ‘शुक्रिया’ नाही, ‘माफ करना’ तर नाहीच, निदान माझ्या पाहण्यात नाही. ज्या भाषेत ‘तू, तुम, आप’ अशी तीन पायऱ्यांची अदब आहे, तिच्यातून टॉमीने खालच्या पायऱ्यांवरची क्रियापदे तेवढी उचलली. कारण तो वरून खाली बोलत होता. लोक व्हॉट्सॲपवर शान म्हणतात तेव्हा मला हा ‘चबराव’ आठवतो. तो शब्द इंग्रजीत गेला, पण ज्याला उद्देशून तो म्हटला गेला तो माणूस गप्पच राहिला.

‘कुशी’ हा शब्द यात मला सर्वांत बोलका वाटतो. ब्रिटनमध्ये आरामाच्या नोकरीला कुशी म्हणतात. मूळ आपली ‘खुशी’. (पुष्कळ इंग्रज तो कुशन, म्हणजे उशीवरून आला असे समजतात, आणि अर्थ जुळतोही.) पहिल्या महायुद्धात तो छावणीतून खंदकात आणि खंदकातून घराघरांत पोचला. पण ही खुशी कुणाची? इंग्लंडमध्ये गिरणीत नाहीतर खाणीत राबणाऱ्या घरातला पोरगा हिंदुस्तानात शिपाई होऊन आला की त्याचे बूट दुसरा चमकवी, कपडे दुसरा धुई, पंखा दुसरा ओढी. पहाटे न्हावी बराकीत येऊन झोपलेल्याची दाढी करून जाई, असे जुन्या सैनिकांच्या आठवणींत आहे. त्याच्या आयुष्यात हा आराम पहिल्यांदाच आला आणि त्याने त्याला नाव दिले ते आराम पुरवणाऱ्याच्या भाषेतले. यात त्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. तोही गरीबच होता. देवळालीत सडत पडणारा तोच.

गरीब असल्यामुळे तो आपल्या सरकारचीही टिंगल करी, हे विसरू नये. दीर्घ आणि चांगल्या वर्तणुकीच्या सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकाला तो ‘रूटी गाँग’ म्हणे. रोटीचे पदक. इतकी वर्षे सरकारी रोटी खाल्ली म्हणून मिळालेले. स्लँगची ही बाजू मला आवडते. खालचा माणूस वरच्याला नाव ठेवतो तेव्हा शब्द कसा तडतडतो. आमच्या नगरच्या किल्ल्यातच याचे एक उदाहरण घडले आहे. 1942 ते 1945 मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित नेहरू आणि काँग्रेसचे बडे नेते तिथे कैदेत होते. मौलानांचे ‘गुबार-ए-खातिर’ तिथलेच. त्यात त्यांनी लिहिले आहे की तुरुंगाधिकाऱ्याला कैद्यांनी ‘चीता खान’ असे नाव ठेवले होते, निजामशाहीच्या इतिहासातल्या एका नावावरून. बाहेर बंदुकीचा पहारा, आत बंद्यांनी पहारेकऱ्याचे नाव ठेवलेले. विद्वान माणसेही कोंडली गेली की बराकीतल्या शिपायासारखीच भाषा वापरू लागतात.

‘ब्लायटी’ वगळून हा विषय पुढे नेता येत नाही. ब्लायटी म्हणजे मायदेश, इंग्लंड. शब्द आपला ‘विलायती’, बोलीत ‘बिलायती’. गंमत अशी की हिंदुस्तानी माणूस विलायत म्हणजे परका मुलूख म्हणत होता, आणि टॉमीने तोच शब्द ‘माझे घर’ या अर्थाने घेतला. आपण ज्याला दूर म्हणतो ते त्याचे जवळ. शब्दाचे मूळ अरबी आहे. व-ल-य. त्याच मुळातून वली हा शब्द, आणि वलीची विलायत म्हणजे त्याचे वलीपण. नगरच्या शाह शरीफ या वलींच्या नावावरून मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, हे सर्वांना माहीत आहे. म्हणजे दर्ग्यातली विलायत, बाजारातली विलायती चिंच आणि लंडनच्या शिपायाची ब्लायटी या एकाच मुळाच्या फांद्या. हे वर्गात सांगितले की मुले हसतात आणि मग लक्षात ठेवतात.

पहिल्या महायुद्धात ‘ब्लायटी जखम’ म्हणजे जीव जाणार नाही पण मायदेशी पाठवतील इतकी जखम. टॉमी तिची दुआ मागत असे. त्याच खंदकांत 1914-15 साली आपलेही शिपाई होते. त्यांना जखम झाली की कुठे नेत? इंग्लंडला. ब्रायटनचा राजवाडा त्यांच्यासाठी रुग्णालय केला होता. टॉमीची ब्लायटी जखम त्याला घरी नेई. पंजाबच्या नाहीतर गढवालच्या शिपायाची ब्लायटी जखम त्याला खऱ्याखुऱ्या विलायतेत, घरापासून आणखी दूर नेई. आणि शब्द होता त्याच्याच बोलीतला.

आता जरा जिव्हाळ्याच्या शब्दाकडे येतो. इंग्रजीत गेलेल्या हिंदुस्तानी शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध कोश हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांचा. 1886 साली निघाला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हे दोन इंग्रज गृहस्थ वाटतात ना? ते आहे ‘या हसन, या हुसैन’. मोहरमच्या मिरवणुकीतला आक्रोश गोऱ्या शिपायाच्या कानाने ऐकला आणि त्याचे हॉब्सन-जॉब्सन केले. शिपायांच्या बोलीत त्याचा अर्थ झाला मोहरम, आणि पुढे एतद्देशीयांचा कुठलाही गलबला, तमाशा. यूलसाहेबांना हे नाव इतके चपखल वाटले की त्यांनी ते कोशाच्या माथ्यावर घातले. भाषाशास्त्रातही परक्या शब्दाला आपल्या ओळखीच्या शब्दांचे रूप देण्याच्या सवयीला हेच नाव पडले.

मला या कोशाबद्दल आदर आहे. त्यात जी मेहनत आहे ती आज कुठल्या विद्यापीठात दिसत नाही. पण करबलाच्या शोकाचा तमाशा होणे, आणि तो तमाशा विद्वत्तेच्या ग्रंथाचे नाव होणे, हे वाचून एखाद्या नगरकराला काय वाटावे? आमच्याकडे कोठल्याच्या छोट्या बारा इमामांची सवारी बघायला येणारा माणूस कोण आहे हे कुणी विचारत नाही. नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरे किती आहेत ते मोजायची गरज कधी पडली नाही. खेड्यांत अजून हिंदू घरातल्या मुलाला मोहरमात फकीर करतात.

म्हणूनच मराठीने मोहरमकडून काय घेतले ते बघण्यासारखे आहे. ‘ताबूत थंडे झाले’. जोर ओसरला, उत्साह मावळला या अर्थाने हे मराठीत अगदी ब्राह्मण संपादकही लिहीत आले. हीही थट्टाच आहे. पण ती ताबूत विसर्जनापर्यंत सोबत चालत गेलेल्या माणसाची थट्टा आहे. ज्याने दहा दिवसांचा जोश आणि दहाव्या दिवसानंतरची सामसूम दोन्ही पाहिली त्यालाच हा वाक्प्रचार सुचेल. हॉब्सन-जॉब्सन म्हणणारा रस्त्याच्या कडेला घोड्यावर बसून होता. फरक तिथे आहे. मला ताबूत थंडे होण्याचा कधी राग आला नाही.

आणि कानाने ऐकून तोंडाने मोडायचे काम आपणही केले. सोल्जरचा सोजीर, जनरलचा जरनेल, प्लॅटूनची पलटण. पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चा ‘हुकुमदार’. तेव्हा मोडतोडीबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या प्रकाराबद्दल. ब्रिटिश शाळांमध्ये एक ‘मुफ्ती डे’ असतो. त्या दिवशी गणवेश नाही, घरचे कपडे चालतात. मुफ्ती म्हणजे फौजी माणसाचे साधे कपडे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अधिकारी कामावर नसताना सैल झगा आणि गोंड्याची टोपी घालून बसत. ते नाटकातल्या मुफ्तीसारखे दिसे म्हणून हे नाव पडले, असे मानतात. फतवा देणाऱ्या मुफ्तीसाहेबांचा लेंगा-झगा तिकडे सुट्टीचा पोशाख झाला. यात कुणाचे काही बिघडले नाही. आमच्या मुफ्तींनाही सांगितले तर हसतील.

‘बिंट’चे तसे नाही. अरबीत बिंत म्हणजे लेक. फातिमा बिन्ते मुहम्मद, जैनब बिन्ते अली. यापेक्षा अदबीचा वापर कोणता? ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये राहिल्या, शिपायांनी रस्त्यावर हा शब्द ऐकला, आणि इंग्रजीत बिंट म्हणजे हलक्या नजरेने पाहिलेली बाई झाली. आजही ब्रिटनमध्ये तो शब्द बाईला खाली ओढण्यासाठी वापरतात. कोश उघडला तर लिहिलेले असते, मूळ अरबी, अर्थ मुलगी. कोश खोटे बोलत नाही. पण कैरोच्या गल्लीत परक्या शिपायाच्या तोंडून तो ऐकणाऱ्या मुलीला कोशाचा काय उपयोग होता?

आता आपल्या गल्लीत या. ‘मियाँ’ हा शब्द घ्या. उर्दूत हा आदराचा, लाडाचा शब्द. नवऱ्याला मियाँ, शेजाऱ्याला मियाँ, लहान मुलाला ‘क्यूँ मियाँ’. मराठीत ‘मियाँ मूठभर, दाढी हातभर’ ही म्हण आहे. ती आमच्या घरातही वापरतात आणि कुणी रुसत नाही. पण निवडणुकीच्या सभेत, माइकवर, हजारो माणसांसमोर ‘मियाँ’ म्हटले जाते तेव्हा तो उर्दू शब्द राहिलेला नसतो. तो बिंट झालेला असतो. मग कुणी समजावतो, ‘अहो, शब्द तर तुमचाच आहे, त्याचा अर्थ चांगला आहे.’ हा युक्तिवाद मी शिकल्या-सवरल्या माणसांकडून ऐकला आहे, शिक्षकांकडूनही. त्यांना मी बिंटची गोष्ट सांगतो. आमच्या मोहल्ल्यातही इतरांसाठी असे शब्द आहेत, आणि ते थट्टेच्या नावाखाली खपतात. ते इथे छापत नाही, कारण ज्यांना माहीत व्हायला हवेत त्यांना ते माहीत आहेत. तिथेही कसोटी तीच लावावी लागेल.

ब्रिटिश स्लँगचा नगरशी असलेला सर्वांत थेट धागा मात्र वेगळाच आहे. स्पाइक मिलिगन हा ब्रिटनचा नामांकित विनोदी लेखक आणि नट. त्याचा जन्म 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगरला झाला. बाप आयरिश, ब्रिटिश फौजेत. बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेले. 1951 ते 1960 या काळात बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ हा कार्यक्रम चालला. त्याचे लिखाण मुख्यतः मिलिगनचे होते. विक्षिप्त, उलटासुलटा विनोद. छावणीत वाढलेल्या पोराचा साहेबी रुबाबावरचा राग त्यात जागोजागी दिसतो. नगरमध्ये त्याची आठवण कुणी काढत नाही. काढायलाच हवी असेही मला वाटत नाही.

1954 मध्ये या कार्यक्रमाचा एक भाग प्रसारित झाला, एरिक साइक्स आणि मिलिगन यांनी लिहिलेला. ब्रिटनमध्ये ‘लर्गी’ नावाची भयंकर साथ आली आहे. रोगाचे लक्षण कुणालाच धड माहीत नाही. पण असे लक्षात येते की बँडची पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांना तो होत नाही. मग देशभर वाद्ये वाटली जातात. शेवटी कळते की रोगच नव्हता, वाद्ये विकणाऱ्यांचा धंदा होता. लोक पोट धरून हसले, आणि शब्द चिकटला. आज कुठल्याही ब्रिटिश माणसाला सर्दी-पडसे झाले की तो म्हणतो, मला लर्गी झाला. देवळालीने इंग्रजीला डोक्याचा ताप दिला आणि नगरच्या पोराने खोटा रोग. दोन्ही गावे एकमेकांपासून फार लांब नाहीत.

रेडिओवरचा हा लर्गी पुढे शाळेच्या मैदानात उतरला. तिथे तो खेळ झाला. एका मुलाला लर्गी झाला असे ठरवायचे. त्याला शिवायचे नाही. शिवलात तर तुम्हाला झाला, मग तुम्ही दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. आपल्याकडची शिवाशिवीच ही. राज्य तुझ्यावर, पळा. खेळ निष्पाप आहे, आणि तरी ‘शिवाशिवी’ हा शब्द महाराष्ट्रात मैदानाबाहेर कशासाठी वापरला गेला ते आपल्याला माहीत आहे. लर्गी कुणाला झाला हे कोण ठरवते? मैदान ओळखणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. ज्याचे कपडे मळके, जो नवा आला, जो वेगळा दिसतो, त्यालाच बहुतेक वेळा होतो. आणि त्याच्याकडून तो पुढे जात नाही, कारण त्याला शिवू देतच नाहीत.

2020 च्या मार्चअखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि एक शब्द रातोरात देशभर पसरला. तबलिगी. त्याआधी मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांनी तो ऐकला नसेल. पंधरा दिवसांत तो शिवी झाला. कुणी खोकला तर ‘काय रे तबलिगी’. भाजीवाल्याला आधी नाव विचारायचे, मग भाव. आमच्या जिल्ह्यात मशिदींत थांबलेल्या परदेशी तबलिगींवर गुन्हे दाखल झाले, त्यांना आसरा देणाऱ्यांवरही झाले. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 29 परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. साथीच्या वेळी सरकार बळीचा बकरा शोधते, असा त्या निकालाचा रोख होता, आणि वृत्तपत्रे-वाहिन्यांच्या प्रचारावरही न्यायालयाने बोट ठेवले. निकालाची बातमी आतल्या पानावर आली. शब्द पहिल्या पानावर आला होता.

उर्दू शिक्षकाच्या सवयीने मी या शब्दाचेही मूळ काढतो. ब-ल-ग, म्हणजे पोचणे. तब्लीग म्हणजे पोचवणे. बालिग म्हणजे वयात पोचलेला. इब्लाग म्हणजे संदेश पोचवणे, प्रसारमाध्यमांना उर्दूत जराए-इब्लाग म्हणतात. आणि त्याच मुळातून मुबालगा, म्हणजे अतिशयोक्ती. त्या दोन महिन्यांत या मुळाच्या सगळ्या फांद्या एकाच वेळी कामाला लागल्या होत्या.

हे सगळे लिहिण्याचे कारण शाळेत आहे. नगरचा मुसलमान मुलगा घरी जी बोली बोलतो तिला उर्दू शिकवणारे ‘बाजारी’ म्हणतात आणि मराठी शिकवणारे ‘मुसलमानी’. ‘मेरेकु नक्को’, ‘हौ’, ‘कायकु’. यातला ‘नक्को’ आपल्या मराठीचा ‘नको’ आहे. दखनीने तो शेकडो वर्षांपूर्वी घेतला. नगरची निजामशाही वैभवात होती तेव्हा दखनीत काव्य लिहिले जाई. तालिकोटच्या 1565 च्या लढाईवर हसन शौकीने निजामशाहाच्या विजयाचे काव्य याच बोलीत रचले. तेव्हा उर्दू हे नावही त्या भाषेला नव्हते. आज त्याच बोलीत मूल वर्गात बोलले की उर्दूच्या तासाला त्याचा तलफ्फुज सुधारतात आणि मराठीच्या तासाला त्याचे लिंग. ‘ऐसा बोलते?’ असे दोन्हीकडून. सहावी-सातवीपर्यंत मूल शिकते ते एवढेच की वर्गात तोंड उघडू नये. इंग्रजांची दोनशे वर्षांची स्लँग याच बोलीवर पोसली, हे सांगून मी तिला प्रतिष्ठा मिळवून देऊ पाहत नाही. टॉमीने घेतला म्हणून आपला शब्द मोठा होत नाही. भिश्त्याची बोली भिश्त्यासाठी पुरेशी होती. आणि शुद्धलेखन, तलफ्फुज मीही शिकवतो, मार्कही कापतो. पण आधी बोलू द्यावे लागते. मुकाट बसलेल्या मुलाचा तलफ्फुज सुधारून कुणाला काय मिळणार?

गेल्या वर्षापासून मी सातवीला एक काम देतो. वहीत तीन रकाने आखायचे. पहिल्यात आठवडाभरात ऐकलेला, पुस्तकात नसलेला शब्द. दुसऱ्यात तो कोण म्हणाले. तिसऱ्यात कुणाला. अर्थ लिहायचा नाही. एका सहकाऱ्याने विचारले, हे अभ्यासक्रमात कुठे बसते? मी म्हटले, बोलीभाषेत बसवा. पहिल्यांदा मुले घाबरून ‘ओके’ आणि ‘भाई’ एवढेच लिहून आणतात. दुसऱ्या आठवड्यात वह्या भरू लागतात. ‘मामू’, ‘चाचा’, ‘येडा’, ‘कटिंग’, ‘गावठी’, आणि काही असे शब्द की वही पालकांकडे जाऊ नये याची काळजी घ्यावी लागते. एक मुलगा शाळा सुटल्यावर चहाच्या टपरीवर काम करतो. त्याच्या वहीत पहिला शब्द होता ‘छोटू’. दुसऱ्या रकान्यात ‘सगळे’. तिसऱ्यात त्याने स्वतःचे पूर्ण नाव लिहिले होते, वडिलांच्या नावासकट, मराठीत आणि खाली उर्दूत. दोन्हीकडे एकही चूक नव्हती.